म्यूट केलेला अलर्ट

महापेच्या ऑफिसात आमचं काम दुसऱ्यांच्या यंत्रणांवर लक्ष ठेवायचं. कुठे सर्व्हर अडला, तापमान चढलं, की स्क्रीनवर लाल अलर्ट यायचा आणि मोबाइल वाजायचा. एका खासगी रक्तपेढीचे फ्रिजही आमच्याकडे होते. तिथला भोंगा बिघडलेला, म्हणून सगळी भिस्त आमच्यावर.

त्यातल्या एका फ्रिजचा अलर्ट रोज दुपारी यायचा. पिशव्या लावताना दार उघडं राहायचं, एवढंच कारण. रक्तपेढीत रोज फोन करून मी वैतागलो होतो.

"म्यूट करू का?" मी सीनियर मॅडमना विचारलं.

"नको. दार किती वेळ उघडं असतं ते बघ, अलर्टला तेवढ्या मिनिटांची सूट दे. म्यूट केलेलं परत कोण बघतं?"

मी हो म्हणालो. सोमवारी मॅडम साताऱ्याला गेल्या आणि त्याच दुपारी मी अलर्ट दोन तासांसाठी म्यूट केला. निदान मला तसं वाटलं. वेळेच्या रकान्यात मी काही भरलंच नव्हतं, म्हणजे तो कायमचाच म्यूट झाला होता.

मंगळवारी मोबाइल वाजला नाही. मला बरं वाटलं. बुधवारी सकाळी चहा पिताना मात्र मनात आलं. दार तर कालही उघडलं असणार. मग अलर्ट कसा आला नाही?

जागेवर येऊन तापमानाचा आलेख उघडला. काल संध्याकाळपासून रेघ चढत होती, एकदाही न उतरता.

रक्तपेढीत फोन लावला. टेक्निशियन बाई म्हणाल्या, "थांबा हां, बघते." त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला.

"सर," त्या परत आल्या, "दार नीट बंद आहे, पण हात घातला तर गार लागतच नाहीये."

मी रिक्षाने तिथे गेलो. त्या फ्रिजमध्ये रविवारच्या शिबिराचं रक्त होतं. शिबिर कोपरखैरण्यात, आमच्याच सोसायटीत झालेलं. रांगेत मीही होतो. बाई एकेक पिशवी पिवळ्या कचरापिशवीत टाकत होत्या. दिसायला सगळ्या चांगल्याच होत्या. मध्येच त्यांचा फोन वाजला. "नाही, तो ग्रुप आत्ता नाही आमच्याकडे. ऑपरेशन पुढे ढकलता येईल का?" एवढंच मला ऐकू आलं. त्या पेशंटचं काय झालं, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

चूक माझी, असं मी रिपोर्टात सरळ लिहिलं. मॅडमनी परत आल्यावर तो वाचला आणि म्यूट केलेल्या अलर्टची यादी उघडली.

त्या आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच रक्त दिलं होतं.

"माझं रक्त लागलं असेल का रे कुणाला?"

"लागलं असेल, काकू," मी म्हणालो आणि मजला येण्याची वाट बघत राहिलो.