निवलं, निवळलं

आमच्या घरात कुणी कप हातात घेऊन "चहा निवला का गं?" असं विचारलं, की मी तोंडानं उत्तर देत नाही. सरळ कपात बोट बुडवते. मुलगी वैतागते. "शी! आई, हात तरी धुतलेस का?" नवऱ्याच्या मते ही बाई आधीपासूनच जरा अर्धवट आहे. त्याचं ते मत माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी कधी खोडून काढलेलं नाही.

माझं माहेर बारामतीत, सासर इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. अंतर फार नाही, पण शब्द बदलतात. आमच्याकडे गढूळ पाणी ठेवलं की निवळतं. इथं चहा निवतो, म्हणजे गार होतो. पाणी मात्र निवळत नाही, इथं "गाळ बसतो". नवी नवरी असताना मी "पाणी निवळू दे" म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "गार पाणी अजून किती निवू द्यायचं?" आणि सगळं घर हसायचं. मीही हसायचे.

नवऱ्याचा ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस वाहतो. ट्रॅक्टरचं ऑईल बदललं की जे काळं ऑईल निघतं, ते इतर लोक बिजागऱ्यांना लावतात, नाहीतर वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासतात. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, त्यात डिझेल दिसायचं. त्यांच्याकडे कडबाकुट्टी चालवायला एक जुनं इंजिन होतं. "हे इंजिन काय बी खातंय," ते म्हणायचे, "फकस्त त्याला पाणी पाजू नगा."

आणि पाणी तर असायचंच. नवरा ऑईलचे डबे उघडेच टाकायचा, त्यात पाऊस पडायचा, आणि काळं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसायला लागायचं. मामांनी त्यासाठी परसात एक पत्र्याचा ड्रम उभा केला होता. खाली चुलवण, ड्रमच्या बुडाला तोटी आणि अंगाला एक काचेची नळी, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. ऑईल तापवून पातळ करायचं, जाळ ओढून घ्यायचा, ड्रमला गोणपाट गुंडाळायचं आणि वाट बघायची. ऊब टिकली की पाणी सावकाश खाली उतरतं. मग सगळं पुरतं गार झालं की तोटी उघडून ते पाणी काढून टाकायचं. वर राहिलेलं ऑईल पुन्हा तापवायचं, आणि त्याचा एक थेंब तापल्या तव्यावर टाकून बघायचा. तडतडला तर अजून पाणी आहे. नुसताच धूर आला तर काम झालं. मग जुन्या धोतरातून गाळून ते डिझेलमध्ये मिसळायचं.

त्याच इंजिनानं मामांचे कान खाल्ले होते. आयुष्यभर त्याच्या शेजारी उभं राहून त्यांना मोठंमोठं तेवढंच ऐकू यायचं. त्यामुळं त्यांनी स्वतःच घरात एक नियम घालून दिला होता. लांबून बोलायचं नाही. जवळ यायचं, खांद्याला हात लावायचा आणि तोंड दिसेल असं बोलायचं. लहान पोरंसुद्धा तो पाळायची.

त्या दिवशी मी तो मोडला, आणि तोही तव्यापायी.

तो तवा माझ्या आईनं दिलेला, बिडाचा, भाकरीचा. आदल्या दिवशी मामांनी तो मला न विचारता परसात नेला आणि त्यावर ऑईलचे थेंब तडतडवले. मग राखेनं घासून परत जागेवर ठेवला, जसं काही झालंच नाही. सकाळी माझ्या मुलीनं भाकरीचा पहिला घास घेतला आणि थुंकला. मी चुलीजवळून ओरडले, "मामा, माझ्या तव्याला ट्रॅक्टरचा वास येतोय!" त्यांना तेवढं बरोबर ऐकू आलं. ते हसत म्हणाले, "मग जोरात पळंल की तुजी भाकर."

मला हसू आलं नाही. माझ्या नाकावर राग असतो, तो तेव्हाही होता. मी अबोला धरला.

आदल्या दिवशी थेंब तडतडले होते, म्हणून मामांनी सकाळीच ड्रम पुन्हा तापवून गोणपाटात गुंडाळला होता. दुपारी ते इंजिनाच्या छपरात कुट्टी काढत होते. मी ड्रमाजवळच्या तारेवर धुणं वाळत घालत होते. इंजिन पुकपुकत होतं. त्यातच मामांनी मान वर करून मला काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "निवळलं का?" मी नळीत पाहिलं. खाली पाणी, वर काळंभोर ऑईल, मधे स्वच्छ रेघ. इतकं सुरेख निवळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात पंधरा पावलांचं अंतर होतं. मी ती पंधरा पावलं चालत गेले नाही. पिळलेली चादर झटकत जागेवरूनच ओरडले, "व्हय! निवळलं!" आणि पाठ फिरवून घरात गेले.

मामांनी विचारलं होतं, "निवलं का?" आणि उत्तर ऐकलं, "निवलं."

गोणपाटामुळं ड्रमाची धग त्यांना बाहेरून लागलीच नाही. ते बादली घेऊन तोटीपुढं बसले. तोटी घट्ट होती म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला आणि ती निखळून हातात आली. मी किंचाळी ऐकली नाही. मामा ओरडलेच नाहीत. मला ऐकू आला तो बादली कलंडल्याचा आवाज, आणि मी धावत आले तेव्हा ते दोन्ही हात पुढं धरून उभे होते, कोपरापर्यंत काळे, आणि त्यातून वाफ निघत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "माजीच चूक हाय. कानानं दगा दिला." सगळ्यांनी ते धरलं. नवरा हळहळला आणि पुढच्याच आठवड्यात बारामतीहून कानाचं मशीन घेऊन आला. ते मशीन त्यांच्या कानात मीच बसवलं.

दोन महिने त्यांचे हात पट्ट्यांत होते. चहा मी पाजायचे. दर वेळी ते विचारायचे, "निवला का?" मी बोट बुडवायचे आणि म्हणायचे, "व्हय मामा, निवला." आणि ते लगेच तोंड उघडायचे. खात्री करून घ्यायला थांबत नसत, ओठ लावून बघत नसत. मला ते सहन होत नसे. कधीतरी त्यांनी माझ्यावर शंका घ्यावी असं मला वाटायचं.

पट्ट्या सुटायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी कप त्यांच्या ओठाला लावला, तर त्यांनी मान मागं घेतली आणि माझ्याकडं बघून हसले.

"पोरी, ह्या मशीननं आता ळ बी ऐकू येतोय बरं का."

मी कप बशीत टेकवला.

"तुमच्या बारामतीचा शब्द हाय त्यो," ते म्हणाले. "मला त्याच दिशी दवाखान्यात ध्यानात आलं. तुजा काय दोष न्हाय त्यात. शब्दाचा दोष. पाज चहा."

मी चहा पाजला. त्यांना सांगायला हवं होतं, की मामा, दोष शब्दाचा नव्हता. मी जवळ आले असते, तुमच्या खांद्याला हात लावला असता, तर ळ असता काय अन् नसता काय. मी तव्यावरून रुसले होते. उद्या सांगू, म्हटलं. मग हात बरे झाले, बोटं मात्र पुरती मिटेनात. मग हंगाम आला. मग मामा गेले.

ड्रम अजून परसात आहे, रिकामा. इंजिन नवरा आता नुसत्या डिझेलवर चालवतो. दुपारी ते सुरू झालं की त्या पुकपुकीत मला कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखं वाटतं. मी हातातलं काम टाकते आणि छपरापर्यंत चालत जाते. नवरा विचारतो, "काय गं, काय पाहिजे?"

"काही नाही," म्हणते. पण त्याच्या खांद्याला हात लावल्याशिवाय मी परत फिरत नाही.