सोयाबीनची भाकरी

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट डॉक्टरांनी समोर ठेवला. माझ्या बायकोला, वत्सलाला, स्तनाचा कॅन्सर होता. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती. म्हणजे बायकांच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसली जाणारी. मी फाइल उचलली. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्या दवाखान्याबाहेर येऊन चपला शोधू लागलो. त्या पायातच होत्या.

बाहेर तिची थोरली बहीण, अक्का, बसली होती. रिपोर्टचं ऐकून ती म्हणाली, "आता ते सोयाबीन बंद करा बघा. त्यात तेच हार्मोन असतंय म्हणे."

माझं सुभाष रोडवर किराणा दुकान. प्रोटीनसाठी ज्वारीत सोयाबीन मिसळून दळायचं, हा तीन वर्षांपासूनचा हट्ट माझाच. म्हणजे गाठ मीच पोसली. त्या विचाराने मी बधिर झालो.

ऑपरेशन झालं. मग केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, सलाईनमधून. दर तीन आठवड्यांनी केलगेरीच्या घरून हुबळीला. तिचे केस गेले, तोंडाची चव गेली. मी फाइल सांभाळायचो, वेटिंग रूममधला पंखा बघत बसायचो. रडू येत नव्हतं. सोयाबीनचं विचारायचं धाडसही होत नव्हतं.

शेवटच्या केमोला डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन्स असतात. इस्ट्रोजेनशी थोडं साम्य असलेली द्रव्यं. पण रोजच्या जेवणातल्या सोयाबीनने हा कॅन्सर होतो, असं दिसलेलं नाही. त्या द्रव्यांच्या गोळ्या मात्र मला विचारल्याशिवाय नकोत. उगाच स्वतःला दोष देऊ नका, अण्णा."

तरी मन मानेना.

रिक्षात वत्सला म्हणाली, "इतके दिवस हे घेऊन बसला होतात होय? अहो, ती भाकरी मी खाल्लीच कुठं? मला वास सोसत नव्हता. तुमच्यापुरत्या त्या पिठाच्या थापायची, माझ्या साध्या ज्वारीच्या."

मला पत्ताच नाही. मला वाढून, मी दुकानात गेल्यावर ती जेवायची. तिच्या ताटात काय असतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. गाठही तिने दोन महिने अंगावर काढली होती. मला सांगितली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही की बरी आहेस ना.

तुमच्या घरी असा आजार आला, तर सोयाबीनचं डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा. माझ्यासारखं मनात ठेवू नका.

आता दुपारी दुकान बंद करून आम्ही एकत्र जेवायला बसतो. पहिल्या दिवशी तिने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि मला एवढ्या महिन्यांचं रडू आलं. ती म्हणाली, "जेवा आधी."