‘उगवत्यात’ लिव्हा!

‘मी सांगते नं, लिव्हा!’ असं म्हणून ती टेबलावर तर्जनी आपटायची आणि माझा चहा बशीत सांडायचा.

सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे परवान्याचे अर्ज संभाजीनगरात बसून भरून देणं, हे माझं काम. ती पाचोडची. घरी मेंढरं, आणि आठवडी बाजारात स्वतः कढवलेलं केसांचं तेल विकायची. तुम्ही तो बाजार केला असेल तर तिची हाळी ऐकली असेल : ‘खडकावर गवत उगवतंय, मंग टकलावर का नाय?’

निम्मी मेंढरं विकून तिनं तेलाच्या कारखान्यासाठी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ शेड घेतली. परवाना नाकारला असता तर मेंढरंही गेली असती आणि तेलही.

पेच एका क्रियापदाचा होता.

‘मावशी, “टकलावर केस उगवतात” हे लेबलवर चालत नाही. असं लिहिलं की ते तेल राहत नाही, औषध होतं. आणि सिद्ध करता आलं नाही तर फसवणूक.’

‘मंग औषधच लिव्हा की!’

‘त्याचा परवाना वेगळा.’

‘बरं. “उगवू शकत्यात”?’

‘नाही.’

‘“उगवावं वाटतंय”?’

‘कुणाला?’

‘केसांला!’

मी हसले नाही. म्हणजे आत जाऊन, दार लावून हसले.

वांगी घ्यावीत तशी ती शब्दांची घासाघीस करी. अखेर ‘केस मऊ राहतात’ यावर सौदा ठरला. ‘निस्ते मऊ? तेवढं तर पाण्यानं बी व्हत्यात,’ म्हणून दोन दिवस तिनं माझा फोन घेतला नाही.

तपासणीच्या दिवशी मी बजावलं, ‘तोंडातून “उगव” एवढं जरी निघालं तरी परवाना गेला समजा.’ तेवढ्यात गाडी आली. साहेब उतरले. डोकं असं, की शेडमधली ट्यूबलाइट त्यात सरळ दिसावी.

मावशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तासभर साहेब टाक्या, कागद, बाटल्या बघत फिरले आणि ही त्यांच्या टकलाकडे बघत त्यांच्या मागं. खांदे नुसते गदगदत होते. सही करण्याआधी साहेबांनी बाटली उचलली, लेबल वाचलं आणि आवाज बारीक करून विचारलं, ‘खरं सांगा आजी, यानं केस येतात का?’

ती परीक्षा होती की आशा, मला आजही कळलेलं नाही. मी डोळे मिटले.

तिनं पदर काढला. ‘नाय साहेब. निस्ते मऊ व्हत्यात.’ जरा थांबली. ‘असले तर.’

साहेब इतके हसले की सही वाकडी आली.

परतताना रिक्षात मी तिला शाबासकी दिली. तिनं ओला पदर झटकला. मग म्हणाली, ‘एकाच्या बी टकलावर उगवलं नाय, मॅडम. मला का ठावं नाय? पण हाळी ऐकून गिऱ्हाईक हसत जायचं वो.’

मागच्या वर्षी ती गेली. परवा तिची सून नव्या साबणाचं लेबल घेऊन आली. कागद नीट, शब्द मोजके, दावा एकही नाही. दहा मिनिटांत काम उरकलं. तरी मी उगाच विचारलं, ‘अजून काही लिहायचं का? बघ, एखादा शब्द?’

‘नाही मॅडम,’ सून म्हणाली. ‘नियमात बसतं तेवढंच.’