धुळवडीच्या दुपारची भरती

"तिला काय विचारायचं? ती आपल्या गाद्यांसारखी आहे. टाकाल तिथे पडून राहते."

गाडीच्या आतून दादांचा आवाज आला. मी मागच्या चाकाशी उकिडवी बसून चहाच्या कपबश्या विसळत होते. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"अहो, हळू बोला," वहिनी म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"गादीतून निदान कधीतरी कापूस बाहेर येतो," माझी मैत्रीण म्हणाली. "हिच्यातून तेही नाही वं माय."

तिघेही हसले. मलाही थोडं हसू आलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन दिवसांत मला जे जे विचारलं गेलं होतं, त्या सगळ्याला मी मान हलवली होती. त्यांना वाईट हेतूने बोलायचं नव्हतं. ते फक्त ठरवत होते की नारगोळहून आत्ता, नऊच्या आत निघायचं आणि दुपारपर्यंत दमण गाठायचं. तिथे दादांच्या कारखान्यातले मित्र धुळवड खेळायला जमणार होते.

आणि मला त्याच दुपारी नारगोळलाच राहायचं होतं.

दादा-वहिनी आमचे सिल्वासातले, डोकमर्डीतले शेजारी. दादा मूळचे नाशिकचे, सुताच्या कारखान्यात इंजिनियर. मी आणि माझी मैत्रीण त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये धाग्याची ताकद तपासायचो. ती अमळनेरकडची, मोकळी, बोलकी. मी इंग्रजी शाळेतून आलेली, घरापुरतं मराठी बोलणारी. चार माणसांत माझं वाक्य मनात नीट जुळून येईपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असायचा. मग मी ते गिळून टाकायचे.

कारखान्याने मोडीत काढलेली एक मॅटाडोर व्हॅन दादांनी घेतली होती. कुठल्यातरी परदेशी मासिकात त्यांनी चाकांवरच्या घराचा फोटो पाहिला होता. त्यांनी सीटा काढल्या, फळ्या ठोकल्या, वर गाद्या टाकल्या. वहिनींनी जुन्या साडीचे पडदे शिवले. स्टोव्ह वाऱ्याने विझू नये म्हणून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात बसवला. दादा तिला कॅरॅव्हॅन म्हणायचे. कॉलनीतली बाकी सगळी माणसं तिला भाजीचा टेम्पो म्हणायची.

होळीला कामगार आपापल्या गावी जातात, त्यामुळे कारखाना चार दिवस बंद. नरोलीतल्या भाड्याच्या खोल्यांना ओळीने कुलपं लागलेली पाहत आम्ही भिलाडच्या रस्त्याला लागलो. घाई नाही, ठरलेलं काही नाही, समुद्राच्या कडेकडेने आरामात जायचं, असं दादांनी जाहीर केलं होतं. ते ऐकूनच मी बाबांकडे परवानगी मागितली होती. बाबा म्हणाले, "दादा-वहिनी आहेत ना, मग जा."

पक्षी बघायचा नाद मला दादऱ्याच्या तळ्यावर लागला. तिथले बगळे आणि पाणकावळे पाठ झाल्यावर मी समुद्रावरच्या पक्ष्यांबद्दल वाचायला लागले. थंडीत हजारो मैलांवरून येतात, भरतीच्या वेळी किनाऱ्याशी दाटीवाटीने उभे राहतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेला निघून जातात. समुद्र आमच्या घरापासून काही तासांवर. पण मुलीने एकटीने एसटी पकडून चिखलात उभं राहायला जायचं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नसतं. दोन हिवाळे मी नुसते पुस्तकातली चित्रं बघत काढले. आता मार्च लागला होता. हे पक्षी गेले की पुढची थंडी, आणि पुढच्या थंडीत मी कुठे असेन हे कुणी सांगावं? घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती.

आरामाचं म्हणाल तर दादा पहिल्याच दिवशी उमरगावच्या वाळूवर कारखान्यात पाहणीला निघाल्यासारखे भराभर चालले. वहिनी साडी खोचून मागून येत होत्या. मैत्रीण शिंपले वेचत होती. मी दुर्बीण लावून उभी राहिले की तिघांनाही माझ्यासाठी थांबावं लागायचं, म्हणून मी ती लगेच खाली घ्यायचे. मैत्रिणीने एकदा मागून घेतली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "मला तर सगळे उंदीरच दिसताहेत." तिचं खरं होतं. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पक्षी म्हणजे चिखलावर सांडलेले दाणे.

काल, होळीच्या दिवशी, आम्ही नारगोळला सुरूच्या बनात गाडी लावली. आंघोळीला एका पारशी आजींच्या वाडीतली विहीर मिळाली. दुपारी सगळे संजाणच्या बाजारात गेलो, मीही गेले. पौर्णिमेला भर दुपारी मोठी भरती येते हे मला माहीत होतं, तरी गेले. परत आलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. सुरूंपासून थोड्याच अंतरावर, ओल्या वाळूवर पावलंच पावलं उमटली होती. तीन बोटांची, बारीक, एकावर एक, लांबच लांब. मधे पांढरी शीट आणि एक तपकिरी पीस. आम्ही बाजारात कलिंगड निवडत होतो तेव्हा ते सगळे इथे, मला चेहरे दिसतील इतक्या जवळ उभे होते. मैत्रीण म्हणाली, "अरे वा, रांगोळी!" आणि त्यावरून चालत गेली.

तेव्हाच मी ठरवलं होतं की उद्याची भरती सोडायची नाही. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

मी कपबश्या पुसून टोपलीत ठेवल्या आणि पुढच्या बाजूला आले. वहिनी गाद्या गुंडाळत होत्या. मैत्रीण आरशात बघून केसांना तेल चोपडत होती, रंग चढू नये म्हणून.

"चला, बसा," दादा म्हणाले आणि स्टेअरिंगवर जाऊन बसले.

मैत्रीण चढली. वहिनी चढल्या. मी टोपली आत सरकवली आणि खालीच उभी राहिले.

"काय राहिलं?" दादांनी विचारलं.

वाक्य तयार होतं, पण तोंडातून निघेना. वहिनी वाकून माझ्या कानाशी आल्या. "पोटात दुखतंय का गं? माझ्याकडे गोळी आहे."

"नाही वहिनी." आणि मग मी म्हणाले, "मला भरती बघायची आहे."

"कसली?"

"भरती. पाणी वर आलं की पक्षी जवळ येतात. काल आपण नव्हतो तेव्हा येऊन गेले. या आठवड्यानंतर नसतील."

दादा खिडकीतून बघत राहिले. मी सलग इतकं बोललेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. "अगं, दमणला पण समुद्रच आहे की."

"तिकडे असतील ना पक्षी," मैत्रीण म्हणाली. "ते काय इथले मतदार आहेत?"

वहिनी हसल्या. मी हसले नाही. "तिकडेही भरती दुपारीच येणार. आणि तेव्हा आपण रंग खेळत असणार."

"माझे मित्र थांबलेत गं," दादा म्हणाले. आता त्यांचा आवाज साहेबाचा झाला होता. "चार माणसांनी चिमण्यांसाठी उन्हात ताटकळायचं का?"

"तुम्ही नका थांबू. संध्याकाळी मला घ्यायला या. पारशी आजी आहेत तिथे."

"वेडी आहेस का? तुला एकटीला इथे टाकून गेलो तर तुझ्या बाबांना काय तोंड दाखवू?"

यावर मी गप्प बसेन असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं. बाबांचं नाव निघालं की मी नेहमी आत जाऊन बसायचे. दादांनी किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं. मैत्रिणीने हात पुढे केला. "ये ना वं, चिडू नको."

मी वळून पाण्याकडे पाहिलं. सकाळी क्षितिजाशी असलेली पक्ष्यांची राखाडी रेघ आता सरकत बरीच अलीकडे आली होती. तिचा एक तुकडा उठला, हवेत एकदम पांढरा झाला, परत उतरला. दुर्बिणीशिवायही दिसलं. मागे इंजिन चालूच होतं.

मी दादांच्या खिडकीशी गेले. आवाज इंजिनच्या वर ऐकू जाईल इतका मोठा काढला.

"दादा, बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही जा नाहीतर थांबा, पण पाणी वर येऊन गेल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. आणि सीटमागची छत्री तेवढी द्या, ऊन चढायला लागलंय."