जावेची पिशवी

कोर्टाच्या आवारातल्या मध्यस्थी केंद्रात मी शेजारच्या इंदूताईंना सोबत म्हणून गेले होते. त्यांचं आणि धाकट्या जावेचं, सुमनचं, गच्चीवरून भांडण. धाकटीनं जिन्याला कुलूप घातलं, थोरलीनं दावा ठोकला, आणि तेव्हापासून इंदूताईंच्या कुरडया आमच्या अंगणात वाळतात. बोलणं तर बंदच.

मध्यस्थबाई आधी दोघींशी वेगवेगळं बोलणार होत्या. पहिली हाक सुमनला आली. ती उठली आणि सवयीनं हातातली पिशवी इंदूताईंपुढे करून म्हणाली, "धरा हो वहिनी, आलेच." यांनीही ती घेऊन मांडीवर ठेवली. दार लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"बघा, दावा हिच्यावर आणि राखण हिच्याच पिशवीची," त्या पुटपुटल्या. पण पिशवी खाली काही ठेवली नाही.

मला आपलं वाटत राहिलं, भांडण डोक्यात कितीही मुरलेलं असो, हातांना त्याची खबर उशिराच पोचते. कोर्टात मध्ये दोन वकील उभे असतात, तिथं पिशवी द्यायची कुणाकडे? इथल्या बाकावर निदान शेजारी बसावं लागतं.

मग दोघींना एकत्र बोलावलं. सोबतीला मीही आत गेले.

"कुलूप काढते मी," सुमन म्हणाली, "पण मला न विचारता माझ्या पापडांना हात लावायचा नाही."

"उन्हानं तडकायला लागले तरी?"

"तरी."

इंदूताई म्हणाल्या, "बरं, मग मी हाक मारीन. पण तू ओ द्यायचीस."

सुमननं मान हलवली. मध्यस्थबाईंनी तडजोडीत तेही कलम घातलं.