मागून बसलेला फटका

खरवईच्या नव्या संकुलात आमचा बॅडमिंटन हॉल उघडायच्या आधी बदलापूर स्टेशनबाहेर एक मोठं होर्डिंग लागलं होतं: 'इंग्लंडच्या कोचकडून शिका'. खाली फोटो होता तो आमच्या सरांचा, आणि सर होते वेल्सचे. ते होर्डिंग मीच त्यांना वाचून दाखवलं, नको तो आगाऊपणा केला. दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. मी शेठना समजावायला गेले की वेल्स वेगळं आणि इंग्लंड वेगळं. शेठ म्हणजे संकुलाचे बिल्डर, उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या कापडाच्या दुकानातून वर आलेले. ते म्हणाले, माणूस गोरा दिसतोय ना, मग पब्लिकला बाकीचं काय करायचंय.

मी सरांची असिस्टंट. राहणारी अंबरनाथची. वडील मोरिवलीजवळच्या एका कंपनीत ऑफिसर होते, कंपनीच्या क्लबात एक कोर्ट होतं, तिथे शिकले. राज्य पातळीपर्यंत खेळले, मग लग्न, मग गुडघा, मग कोचिंग. जीभ जरा तिखट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत.

सरांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांत कळली. रॅकेटच्या तारा विणताना त्यांना बोलायला आवडायचं. ते देशाकडून खेळलेले, पुरुष दुहेरीत, जोडीदार सख्खा मोठा भाऊ. एका हिवाळ्यात एका सामन्यात सर पुढे धावले, भाऊ मागे होता, आणि भावाची रॅकेट सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या डाव्या पायावर मागून बसली. टाचेमागची जाड शीर तुटली. ऐन उमेदीत खेळ संपला. मग शाळेतली मुलं शिकवली, मग कुठल्या कुठल्या देशांत क्लब सांभाळले, आणि असं करत करत आमच्या बदलापुरात. "मी कोच झालो नाही, मला भावाने कोच केलं," असं ते हसत म्हणायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

भाऊ म्हणत राहिला की मी तुला मारलंच नाही. तेव्हापासून बोलणं बंद, वीसेक वर्षं. आईला खांदा देतानासुद्धा एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि एकमेकांकडे बघितलं नाही. मी आपल्याकडच्या बायका म्हणतात तेच म्हणाले, की सख्खा भाऊ आहे, सोडून द्या आता. त्यावर ते म्हणाले, "फटका मी त्याच दिवशी सोडून दिला असता. चुकून कोणाचीही रॅकेट लागते. एकदा सॉरी म्हणाला असता तर मिटलं असतं. खोटं बोलला, ते नाही सुटत."

उद्घाटन रविवारी सकाळी ठेवलं होतं, आणि शेवटी सरांची एक प्रदर्शनाची मॅच. आपल्याकडे उद्घाटन म्हणजे काय असतं ते सरांना माहीत नव्हतं. नारळ कोर्टावरच फोडायचा असा शेठचा हट्ट होता, तो मी भांडून दारापर्यंत मागे रेटला. पण सत्कार कोण थांबवणार? सरांना डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात श्रीफळ, आणि खाली हाफ पँट. एसी नवा कोरा, म्हणून सगळा चालू. एकेका पाहुण्याचं भाषण, मग त्या पाहुण्याचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. सर माझ्या कानात दोनदा म्हणाले, मला अंग गरम करायला हवं, असा गारठून मी खेळू शकत नाही. मी शेठच्या कानात सांगितलं. शेठ म्हणाले, "अभी बडे साहेब आले नाहीत, मॅडम. स्टेज खाली कैसे करणार?" बडे साहेब आले, बोलले, बसले, आणि एकदम माईकवरून मॅच जाहीर झाली.

सरांनी फेटा उतरवून खुर्चीत ठेवला आणि थेट कोर्टात आले. ते आणि मी एका बाजूला, आमच्याच हॉलमधली एक तरुण जोडी समोर. तिसऱ्याचौथ्या रॅलीतच समोरून शटल जाळ्याजवळ अलगद आलं. सर मागून पुढे झेपावले, मी त्यांची जागा घ्यायला मागे सरकले आणि सवयीने रॅकेट फिरवली. खाडकन आवाज आला. फळी मोडावी तसा, अख्ख्या हॉलला ऐकू गेला.

सर लगेच पडले नाहीत. आधी मागे वळले आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने घात केला, असं काहीतरी होतं. "तू मला मारलंस," ते म्हणाले आणि मग खाली बसले.

 तोंडातून सॉरी निघालं, मग निघतच राहिलं. पाहुणे उठून उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, बाईंनी जोरात लावली. शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ये क्या कर दिया आपने? इज्जतचा फालुदा झाला." मी रॅकेट उलटसुलट करून बघितली. काही दिसत नव्हतं. पण खरं सांगते, सगळे तेच म्हणताहेत म्हटल्यावर माझ्या हातालाही तो फटका आठवायला लागला. मनगटात झिणझिण्यासुद्धा आल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सरांना पालथं झोपवून उजव्या पायाची पोटरी दाबली. पाऊल हललं नाही. शीर तुटली होती. कसं झालं, असं विचारल्यावर सरांनी माझ्याकडे बोट केलं, आणि मीही मान हलवली. डॉक्टरांनी कातडी नीट बघितली. ना वळ, ना खरचटलेलं. म्हणाले, कोणी मारलेलं नाही, ही शीर आपली आपण तुटते. पेशंटला मात्र वाटतं मागून कोणी काठी घातली, आणि जो मागे असतो त्याच्यावर येतं. खेळायच्या आधी वॉर्मअप केला होता का? मी काही बोलायच्या आत सरच भडकले. आमच्याकडच्या डॉक्टरनेही तेव्हा हेच सांगितलं होतं, म्हणाले. मला लागलंय, ते मला कळतं, मी काय लहान मूल आहे का?

संध्याकाळी शेठच्या शूटिंगवाल्याने मला क्लिप पाठवली. हा माणूस एरवी लग्नांची शूटिंग करतो, त्यामुळे हार घालताना करतात तसं त्याने सगळं स्लो मोशनमध्ये घेतलं होतं. मी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या बघितली. सर झेपावताहेत. माझी रॅकेट वर हवेत आहे. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक अख्खी चटई पसरता येईल एवढी जागा आहे. त्या मोकळ्या जागेत त्यांचा पाय एकटाच मुडपतो.

 मग आला राग. दिवसभर मी न केलेल्या गोष्टीची माफी मागत होते. तशीच तरातरा आत गेले आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. बघा, म्हटलं. कुठे लावली मी, दाखवा.

त्यांनी एकदा बघितली. पुन्हा बघितली. तिसऱ्यांदा रॅकेट हवेत असताना बोटाने चित्र थांबवलं, आणि त्यांचा दुसरा हात डाव्या पायाच्या जुन्या टाचेकडे गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी त्यांना नुसती माझी क्लिप दाखवत नव्हते. मला फोन खेचून घ्यावासा वाटला.

"पण मला लागलं होतं," ते म्हणाले.

लागलं असणारच, मी म्हटलं.

 मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, की भावाबरोबरच्या त्या मॅचच्या दिवशी आमच्या आधीचा सामना खूप लांबला होता. हॉलमध्ये हीटर नव्हता. आम्ही कोट घालून बाकावर बसून होतो. त्यानंतर त्यांनी मला एक नंबर सांगितला. तो फोनमध्ये नव्हता, त्यांना पाठ होता. त्यांच्या आईवडिलांच्या घरचा, जिथे आता भाऊ राहत होता. नंबर मीच लावला आणि फोन स्पीकरवर टाकून मध्ये धरला.

पलीकडून भावानेच उचलला. सर त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलले आणि पुढे त्यांना जमेना. फोन माझ्याकडे ढकलून म्हणाले, "तू सांग."

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आज मॅच होती, त्यांची दुसऱ्या पायाची शीर तुटली, मी मागे होते, मी मारलं असं सगळ्यांना वाटलं, पण व्हिडिओ आहे, मी लांब होते, डॉक्टरही म्हणाले की ती आपोआप तुटते.  

"वळून बघितलं का त्याने तुझ्याकडे?" भावाच्या थकल्या आवाजाने विचारलं.

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"सॉरी म्हणाले," मी सांगितलं. "मारलं नव्हतं, तरी."



"मी सॉरी नव्हतो म्हणालो," तो आवाज म्हणाला. "मारलं नव्हतं म्हणून. म्हणायला हवं होतं."

फोन स्पीकरवरच होता. सर ऐकत होते.