साठीची लाल गिटार

"बँड सोडतो म्हणे! आणि मोचिझुकीला कारण काय सांगणार?"

"वय झालं म्हणेन."

"वय! तो तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा. ड्रम बडवताना अजून खुर्चीतून उडतो. त्याला तुम्ही वय सांगणार?"

"मग धंद्याचं सांगेन. मासे फार येतायत."

"मासे मी बघते. तुम्ही आधी इकडे फिरा."

हात्सुएने नवऱ्याच्या डाव्या खांद्यावरची औषधाची पट्टी एका झटक्यात ओढली. सेरिझावा तोकुओ "आई गं" म्हणाला नाही, पण चेहऱ्याने म्हटलंच. गिटारचा पट्टा जिथे रुतायचा तिथे खांदा लाल झाला होता.

"गिटार बदला ना. बँड कशाला सोडायचा?"

"दिलेली वस्तू आहे, हात्सुए."

"मग?"

"मग काय मग! तिघांनी मिळून दिलीय. ती बदलली तर कळणार नाही त्यांना? त्यापेक्षा मीच बाजूला होतो. कोणाचं मन दुखायला नको."

"मन नको दुखायला, खांदा दुखला तर चालेल," हात्सुए म्हणाली आणि नवी पट्टी अशी थापली की तोकुओ बसल्या जागी पुढे सरकला.

तोकुओचं सगळं आयुष्य नुमाझू बंदरामागच्या एका गल्लीत गेलं. वडील मासे फाडायचे, खारवायचे, जाळीवर सुकवायचे. तोही तेच करत आला. त्याच्या लहानपणी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारं पोर म्हणजे वाया गेलेलं पोर. शाळेने बंदीच घातली होती. तरी तो आणि शेजारच्या चहाच्या दुकानातला मोचिझुकी मिठाच्या गोदामात लपून वाजवायचे. मोचिझुकी पिंपांवर, हा कुठून तरी मिळवलेल्या स्वस्तातल्या गिटारवर. सगळ्यात जाड तारेवर नखी सरसर चालवायची आणि बोट वरून खाली घसरत न्यायचं. तेके-तेके-तेके-तेके! त्या एका आवाजासाठी दोघं मार खायला तयार होते, आणि भरपूर खाल्लाही.

मग लग्नं झाली, पोरं झाली, वडिलांचे सुरे हातात आले. गिटार पुन्हा गळ्यात पडली ती पन्नाशीनंतर. मोचिझुकीनेच चौघांचा बँड जमवला. बाजारपेठेच्या उन्हाळी उत्सवात चौघे एकसारखे शर्ट घालून उभे राहिले, तोकुओने तेके-तेके सोडलं आणि भाजलेलं स्क्विड खात फिरणाऱ्या बायका जागच्या जागी नाचायला लागल्या. त्या संध्याकाळपासून तो वर्षभर मासे फाडायचा ते उत्सवाकडे डोळे लावून.

साठी झाली की जपानात माणसाला मानाचं लाल काहीतरी चढवतात. बाकीच्यांना लाल टोपी मिळते, लाल बंडी मिळते. तोकुओला बँडमधल्या तिघांनी लाल गिटार दिली, चांगली वजनदार लेस पॉल. तो कमरेत इतका वाकला की कपाळ गुडघ्याला लागायचं बाकी राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ती गळ्यात अडकवली तेव्हा मात्र वेगळ्या कारणाने आलं. नांगर अडकवल्यासारखं वाटलं.

वाईट होती का? छे! आवाज जाड, गोड, आटवलेल्या रश्शासारखा. एक सूर छेडावा, चहा पिऊन यावं, तो अजून तिथेच रेंगाळत असायचा. तारासुद्धा बोटाला मऊ. पण गिटारची मान अशी जाडजूड की अंगठा पलीकडून पोचेपर्यंत मनगट भरून यायचं, आणि तेके-तेके वाजवायला गेलं की निघायचं दोगो-दोगो. कोणीतरी ओली गादी जिन्यावरून ओढत नेतंय असं. सहा वर्षं तोकुओ ती गादी ओढत होता आणि दर तालमीला म्हणत होता, "काय अप्रतिम वस्तू दिलीत!"

रविवारी हात्सुएने त्याला स्टेशनमागच्या इवासेच्या वाद्यांच्या दुकानात नेलंच. बहाणा तारा बदलायचा. इवासे पूर्वी नाचघरात वाजवायचा; पांढऱ्या केसांची शेपटी अजून होती. त्याने लाल गिटार टेबलावर ठेवली, तोकुओचा वाकडा खांदा पाहिला, आणि काही न विचारता भिंतीवरून टेलिकास्टर नावाची दुसरी गिटार काढून सुरात लावून दिली.

"सेरिझावा-सान, ही जरा मांडीवर घ्या. नुसती घ्या."

तोकुओने भीत भीत, दुसऱ्याच्या घरी खोकावं इतक्या हळू वाजवली. हात्सुए उठली आणि तिने अॅम्प्लिफायरचं बटण अर्धा फेरा फिरवलं. दुकान दचकलं.

"अगं!"

"ऐकू येत नव्हतं."

टेलिकास्टरचा आवाज खणखणीत होता, नव्या सुरीसारखा, लपवाछपवी नाही. तेके-तेके उमटलं, पण जरा जास्तच टोकदार. शिवाय लाकडाची धार कोपराखाली रुतत होती.

"चावते," तोकुओ म्हणाला.

"काहींना चावलेलं आवडतं," इवासे म्हणाला. "मग ही बघा."

फिकट निळी, कोणीतरी वापरून विकलेली स्ट्रॅटोकास्टर. तिची पाठ आतून कोरलेली. तोकुओच्या पोटाला ती अशी टेकली की जणू पोटाचं माप घेऊनच केली होती. तारा लेस पॉलपेक्षा ताठ होत्या. पण मान सडपातळ, अंगठा आपोआप जागेवर गेला. उभा राहून पट्टा अडकवला तर खांद्याने हूं की चूं केलं नाही. त्याने जाड तारेवर नखी चालवली, बोट खाली घसरलं.

तेके-तेके-तेके-तेके!

काचेवर गारा पडाव्यात तसा. हाताने तारांच्या बुडाशी असलेली सूर हलवायची दांडी दाबली, शेवटचा सूर पाण्यात हलल्यासारखा हलला. तोकुओ हसत होता आणि ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. ड्रमच्या काठ्या घ्यायला आलेला मोचिझुकी दारात उभा! तोकुओ परक्या बाईबरोबर पकडला गेल्यासारखा थिजला.

"तारा बदलायला आलो होतो. ही आपली सहज... आपली लालच काय ती..."

"तोकुचान, परत वाजव."

"नाही रे, आम्ही निघतच होतो."

"वाजव म्हणतो ना!"

तोकुओने वाजवलं. मोचिझुकी समोरच्या खोक्यावर मटकन बसला.

"सहा वर्षांनी ऐकला हा आवाज."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? त्या लालमधून निघतो का हा? आम्ही तिघं दर उत्सवाआधी जमतो आणि भांडतो, याला सांगायचं कोणी? पण तू तिला छातीशी धरून म्हणायचास, अप्रतिम, अप्रतिम!"

"तुम्ही दिली होती! दुसरं काय म्हणणार?"

"आम्हीच दिली होती! आम्ही तरी काय म्हणणार?"

तोकुओने निळीचा पट्टा खांद्यावरून उतरवला. मग तोकुओ हळूच म्हणाला, "मी उद्या बँड सोडतो म्हणून सांगायला येणार होतो."

मोचिझुकीचा चेहरा उतरला. "खरंच?"

"खांदा साथ देत नव्हता रे."

"गाढवा!" मोचिझुकी ओरडला, आणि ओरडता ओरडता हसायला लागला. तोकुओही हसला. सहा वर्षांचं काहीतरी छातीवरून उतरलं, आणि ते गिटारपेक्षा जड होतं. मोचिझुकीने तिथेच ठरवून टाकलं: उत्सवाला निळी. आणि लाल त्या एका सावकाश गाण्याला. तिच्यासारखा लांबणारा सूर निळीला थोडाच जमणार? तेवढं तोकुओने स्टुलावर बसून वाजवावं. इवासे निळीची पेटी शोधायला आत गेला.

"पण एक सांग," तोकुओ डोळे पुसत म्हणाला, "तेके-तेके वाजवणाऱ्याला लेस पॉल द्यायची, ही अक्कल कोणाची?"

"आमची नाही हं! आम्ही पांढरी स्ट्रॅटोकास्टर बघून ठेवली होती, लाल पट्टा लावून देणार होतो. पण म्हटलं, घरी विचारून घ्यावं. तर हात्सुए-सान म्हणाल्या, हलकंफुलकं काही आणू नका, आधीची खाऱ्या हवेने खाल्ली. चांगली भरभक्कम द्या, पडली तर जमिनीला खड्डा पडेल अशी."

तोकुओने सावकाश मान वळवली. हात्सुए तारांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मन लावून वाचत होती.

"हात्सुए?"

तिने पाकीट जागेवर ठेवलं. नीट, कडेला कड लावून.

"अगं, तू सांगितलंस? तू?"

हात्सुएने आतल्या दाराकडे बघत इवासेसाठी एक छोटासा नमस्कार केला, पिशवी उचलली आणि घंटी वाजवत बाहेर पडली.